पिसांची जबानी

१९८१ सालच्या १ मे रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि त्याच साली, भातकापणी आटोपण्याच्या सुमारास, पशुधन पर्यवेक्षक या नात्याने माझी नेमणूक राजापूर तालुक्याच्या पूर्वभागी, अणुस्कुरा घाटाच्या पायथ्याकडील एका दवाखान्यावर झाली. बैलांना घटसर्पाची व फऱ्याची लस टोचणे, अडलेल्या गाईम्हशी मोकळ्या करणे, मासिक अहवाल तालुक्यास रवाना करणे हे माझे कामकाज. दप्तरात कोंबडीची नोंद असे ती बहुधा शेवटच्या रकान्यात. परंतु घरोघर हिंडू लागल्यावर माझ्या ध्यानी आले की जमीन, बैल आणि भात यांवर घरातील पुरुषाचा अंमल असला तरी परसात हिंडणारी दहापाच कोंबडी ही निखालस घरच्या बाईची मिळकत असते. मीठमिरची, मुलाची वही, माहेरी जाण्याचे एस. टी.चे भाडे यांची तजवीज ती अंडी विकून करते, आणि म्हणून रात्रीतून एखादी कोंबडी नाहीशी झाली म्हणजे ज्याचा उल्लेख कोणत्याही सरकारी कागदावर होत नाही असे एक नुकसान त्या घरात घडलेले असते. त्या नुकसानीची फिर्याद ऐकून घेणारा सरकारी माणूस बहुधा मी एकटाच असे, आणि फिर्यादीचे शब्द दर खेपेस तेच असत : "डॉक्टर, माझी कोंबडी खातो तरी कोण?"

या प्रश्नाशी माझी गाठ वारंवार पडण्यास माझ्या कामाची वेळच कारण झाली. मानमोडीची लस टोचावयाची तर कोंबडी खुराड्यातून बाहेर पडण्यापूर्वी गाठली पाहिजे, कारण एकदा ती काजूच्या बागेत शिरली की दिवसभरात हाती लागत नाही. यास्तव थर्मासमध्ये बर्फावर ठेवलेल्या कुप्या घेऊन मी तांबडे फुटण्यापूर्वीच वाडीत हजर होत असे. एका हाताने पंख उचलून दुसऱ्या हाताने सुई टोचीत असताना, रात्री काही घडले असेल तर त्याच्या ओल्या खुणा माझ्या समोरच असत. त्या खुणा वाचता याव्यात अशी मला ओढ लागली ती मात्र विद्येच्या हौसेने नव्हे. माझ्या हातून घडलेल्या एका अन्यायाने मला ती लावली.

नेमणुकीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. नदीकाठच्या एका वाडीत एक विधवा बाई राहत; साऱ्या वाडीच्या त्या काकी, तशा माझ्याही झाल्या. त्यांच्या खुडूक कोंबडीने अकरा पिल्ले काढली होती, आणि पडवीत डालग्याखाली झाकलेल्या त्या पिल्लांपैकी दररोज एक, कधी दोन कमी होत. रक्त नाही, पीस नाही, आवाज नाही. दिवसा परसातील गडग्यावरून एक मुंगूस ये-जा करताना साऱ्यांनी पाहिले होते. मी क्षणभरही न थांबता सांगितले, "काकी, हे मुंगसाचेच काम." माझ्या पदाचे वजन त्या शब्दांस प्राप्त झाले. वाडीतल्या पोरांनी सापळा लावला, तिसऱ्या दिवशी मुंगूस त्यात सापडले, आणि काठ्यांनी त्याचा जीव घेण्यात आला. मी तेथे उभा होतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होऊन दहा वर्षे लोटली होती, आणि तो मला ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोयही मला नव्हती; तरीही मी काही बोललो नाही, कारण ती शिक्षा माझ्याच निकालावरून दिली जात होती.

त्याच रात्री आणखी दोन पिल्ले गेली.

पुढे चार दिवसांनी काकींनी पडवीच्या कोपऱ्यातील भाताची घिरट बाजूस सारली, तेव्हा तिच्यामागे ताज्या उकरलेल्या मातीचा ढीग आणि मूठ जाईल एवढे बीळ दिसले. भिंतीच्या जोत्याखाली ते बीळ खणीत गेल्यावर हातभर आत एक पोकळी लागली. तीत भाताच्या लोंब्या साठविलेल्या होत्या आणि त्या लोंब्यांच्या शेजारी पिल्लांचे पिवळे पाय आणि चिमुकले पंख पडले होते. पिल्ले नेत होती ती घूस. मुंगूस हा दिवसा हिंडणारा प्राणी. रात्री तो आपल्या बिळात निजतो, आणि काकींची पिल्ले नाहीशी होत ती रात्री. एवढी एक गोष्ट मी विचारात घेतली असती तर तो निरपराध जीव वाचला असता. इतकेच नव्हे, तर उंदीर-घुशींना खाणारा त्या परसातील एकमेव पहारेकरी आम्ही आमच्याच हाताने मारला, हेही त्या बिळाच्या तोंडाशी बसून मला कळले. काकींनी मला बोल लावला नाही. त्या फक्त इतके म्हणाल्या, "उगीच मारलं रे बिचाऱ्याला." ते वाक्य मी नोकरीच्या सत्तावीस वर्षांत विसरू शकलो नाही.

त्यानंतर मी ज्यांच्याजवळ शिकलो ते घाटाच्या अंगाच्या धनगरवाड्यावरील एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण शेळी, कोंबडी, करडू यांपैकी काही गेले की आसपासच्या वाड्यांतील माणसे त्यांना बोलावून नेत. त्यांचा पहिला धडा मला आजही जसाच्या तसा आठवतो : "काय गेलं ते मागनं बघा. काय राहिलं ते आधी बघा." आम्ही माणसे नेमके याच्या उलट करतो. गेलेल्या कोंबडीच्या दुःखाने आपले मन व्यापते, आणि उरलेल्या पिसांकडे लक्ष जाण्यापूर्वीच जो प्राणी आपल्याला आवडत नाही त्याचे नाव जिभेवर येते. पुढे एका निवृत्त वनाधिकाऱ्यांच्या कृपेने सालीम अली यांचे १९४१ साली प्रसिद्ध झालेले भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ साली काढलेले प्रेटर यांचे सस्तन प्राण्यांवरील पुस्तक मला वाचावयास मिळाले, आणि त्या वृद्धाने बोटाने दाखविलेल्या प्राण्यांची चालरीत व आहार मला छापील शब्दांत भेटला; परंतु तहकीकात कशी करावी हे मी त्यांच्या मागोमाग चालतच शिकलो.

तहकीकातीचा पहिला प्रश्न वेळेचा. कोंबडी दिवसाढवळ्या गेली असेल तर संशय घार, शिक्रा, मोरघार, मुंगूस, घोरपड आणि कुत्रा यांच्यावर जातो. दिवेलागणीस किंवा पहाटे गेली असेल तर कोल्हा आणि रानमांजर, ज्याला बाऊल असेही म्हणतात, यांच्यावर. आणि भर रात्री गेली असेल तर उदमांजर, जवादी मांजर, घुबड, साप आणि घूस यांच्यावर. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही; म्हणून रात्री आलेल्यापुढे ती पळत नाही, जागच्या जागी सापडते, आणि दिवसा मात्र ती झटापट करते, ओरडते, पिसे सांडते.

हे ओरडणेही एक साक्षच असते. आकाशातून येणाऱ्या आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूंसाठी कोंबड्याचे इशारे निरनिराळे असतात, हे शास्त्रज्ञांनी प्रयोग करून सिद्ध केलेले मी पुष्कळ वर्षांनी वाचले. परंतु चुलीपुढे बसलेली बाई भाकरी थापता थापता हा भेद बिनचूक ओळखते, हे मी त्यापूर्वीच अनेक घरी पाहिले होते. घार दिसली की कोंबडा एकच लांबट, दबका स्वर काढतो आणि पिल्ले जेथल्या तेथे झुडपाखाली गडप होतात. मुंगूस किंवा कुत्रा दिसला की तो मान ताठ करून तुटक तुटक, पुन्हा पुन्हा ओरडत राहतो. पहिल्या आवाजाला बाई फडके हालवीत अंगणात धावते, दुसऱ्याला काठी घेऊन परसात जाते. घटनेच्या वेळी घरात कोण होते आणि त्याने कोणता आवाज ऐकला, हे विचारल्याखेरीज मी पुढे कधीही पंचनामा सुरू केला नाही.

दुसरी साक्ष पिसांची, आणि ती मला सर्वांत विश्वासार्ह वाटत आली आहे. मी पिसे वेचून हातावर घेत असे आणि प्रत्येकाच्या देठाकडे उजेडात पाहत असे. शिकारी पक्षी आपले भक्ष्य एका जागी दाबून धरून चोचीने पीस न् पीस उपटतो. यामुळे देठ टोकापर्यंत अखंड, फार तर चोचीने चिमटल्याची एखादी आडवी खूण असलेला असा राहतो, पिसे एकाच ठिकाणी वर्तुळात पडलेली असतात आणि बाजूच्या पानांवर चुन्यासारखी पांढरी शिटे उडालेली दिसतात. चतुष्पाद प्राणी मात्र पिसे दाढेत धरून तोडतो. त्यांचे देठ मध्येच चावलेले, चिंबलेले असतात आणि लाळेने चिकटून पाचसहा पिसांचा एकेक झुबका बनलेला असतो. कोल्हा असेल तर घटनास्थळी जेमतेम मूठभर पिसे उरतात, कारण तो कोंबडी घेऊन निघून जातो. पण दहा-वीस पावलांवर एखादे पीस, वईच्या भोकात आणखी एखादे, असा माग तो ठेवतो. आणि एकही पीस नाही, खुराड्याची कडी जशीच्या तशी लावलेली, सगळ्यांत मोठा कोंबडा तेवढा नाहीसा झालेला, असे असेल तर चोर दोन पायांचा समजावा. कारण कोंबडी नेल्यावर कडी पुन्हा लावणारे जनावर या रानात नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एकाने मारलेले दुसरा खातो, आणि एकाच कलेवरावर दोघांच्या जबान्या उमटतात. मोरघारीने काजूच्या झाडाखाली टाकलेल्या कोंबडीवर रात्री उदमांजर येते, आणि सकाळी पाहणाऱ्यास अखंड देठाची पिसे व चावलेली हाडे एकत्र दिसतात. अशा वेळी पहिला कोण आणि मागाहून आलेला कोण हे ठरविण्यास पशुवैद्यकाची सुरी उपयोगी पडते. जिवंतपणी दात लागला असेल तर कातडीखाली रक्त साकळून काळेनिळे डाग पडतात. मेल्यावर लागला असेल तर भोक पडते, परंतु मांस फिकेच राहते, कारण वाहावयास रक्तच उरलेले नसते. कोंबडी सोलून मानेपासून छातीपर्यंतची कातडी आतून पाहणे, हा मी स्वतःसाठी घालून घेतलेला नियम. आणि या नियमामुळेच एकदा एक अख्खे गाव वाचले.

१९८९ सालच्या उन्हाळ्यात एका गावातून निरोप आला की कोल्ह्यांनी कहर मांडला आहे, चार दिवसांत तीस-पस्तीस कोंबडी फस्त केली, सरकारने बंदोबस्त करावा. मी गेलो तो माणसे बंदूक कोणाकडून आणावी याच्या विचारात होती. गावाबाहेरच्या सड्यावर अर्धवट खाल्लेली कोंबडी ठिकठिकाणी पडली होती आणि कोल्ह्याची पावलेही स्पष्ट होती. देखाव्यात कोणतीही उणीव नव्हती. मी त्यांतली चार कोंबडी उचलून पिंपळाच्या पारावर सोलली. दातांच्या एकाही खुणेखाली रक्त साकळलेले नव्हते. पोट उघडून पेषणीच्या अलीकडचे ग्रंथिल जठर चिरले तेव्हा त्याच्या आतल्या अंगावर, ग्रंथींच्या टोकाटोकांवर, टाचणीच्या डोक्याएवढे लालभडक ठिपके उठलेले दिसले. ही मानमोडी होती. १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊँतील राणीखेत येथे ज्याची नोंद झाल्यामुळे पशुवैद्यकात ज्याला राणीखेत म्हणतात तोच रोग. कोंबडी रोगाने मरत होती, घरची माणसे ती सड्यावर नेऊन टाकीत होती, आणि कोल्हे त्यांचा माग काढीत गावापर्यंत येत होते. त्या दुपारी मेलेली कोंबडी खोल पुरविली, आजारी वेगळी केली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आजूबाजूच्या वाड्यांतील निरोगी कोंबड्यांना लस टोचण्यास प्रारंभ केला. बंदूक आली असती तर दोन-चार कोल्हे पडले असते, गावाला न्याय मिळाल्याचे समाधान झाले असते, आणि आठवड्याभरात पंचक्रोशीतील एकाही परसात कोंबडा आरवला नसता. चुकीचा आरोपी धरणे म्हणजे एका निरपराधास मारणे एवढेच नसते, खरा मारेकरी तोपर्यंत मोकळा हिंडत असतो, हे घुशीच्या बिळाशी शिकलेले तत्त्व त्या पारावर मला दुसऱ्यांदा शिकावे लागले.

जमिनीची साक्ष घेण्यासाठी मी शेवटपर्यंत एकच साधन वापरले : चुलीतली चाळलेली राख. संध्याकाळी खुराड्याभोवती हातभर रुंदीचा राखेचा पट्टा पसरून तो पिढ्याच्या कडेने सारखा करावा आणि पहाटे, कोणाचे पाऊल पडण्यापूर्वी, उजेड तिरपा असताना वाचावा. मांजराच्या जातीचे पाऊल गोल, चार बोटांचे, नखे न उमटलेले. कुत्रा-कोल्ह्याचे लांबट, चार बोटांचे, पुढे नखांचे ठिपके असलेले. मुंगूस आणि उदमांजर यांचे पाच बोटांचे. कुत्रा आणि कोल्हा यांच्यातला भेद बारीक आहे, परंतु तो एकदा समजला की डोळा चुकत नाही : कोल्ह्याच्या पुढच्या पावलातील मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूने एकमेकींस जुळलेल्या असतात, कुत्र्याच्या सुट्या असतात. घोरपड दोहों बाजूंस नखांचे ओरखडे आणि मधोमध शेपटीची नागमोडी रेघ सोडून जाते.

१९९३ साली घाटाच्या कुशीतील एका घरी या राखेची परीक्षा झाली. तेथे एका रात्रीत सात कोंबडी मेलेली आढळली. दोघींची डोकी व माना खाल्लेल्या, एकीची छाती उकरलेली, बाकीच्या चौघी मानेवर दात रोवून तशाच टाकलेल्या. दरवाजा बंद होता आणि खुराडे चिऱ्याचे होते. घरमालक संतापाने थरथरत होते. त्यांचे म्हणणे असे की भुकेने खाल्ले असते तर त्यांनी सोडून दिले असते, पण चार जीव नुसते मारून टाकले, म्हणजे हे जनावर खुनशी आहे. मी त्यांना म्हटले, "एक रात्र मला द्या." उरलेल्या तीन कोंबड्या घरात घेतल्या, खुराड्यात मेलेली एक ठेवली, आणि आत, बाहेर, तसेच कौलांखालच्या वाशावरही राख पसरली. पहाटे कंदील घेऊन पाहतो तो जमिनीवरची राख नितळ, आणि वाशावर पाच बोटांची लहान पावले ओळीने उमटलेली. माग वर गेला. दोन मंगलोरी कौले एकमेकांपासून चार बोटे सरकली होती, आणि त्यांच्या अगदी वर परसातील फणसाची एक फांदी टेकली होती. त्या फांदीखालच्या गडग्यावर विष्ठा पडली होती, आणि ती काडीने उकलली तेव्हा तीत भेरली माडाच्या बिया निघाल्या. येणारे उदमांजर होते; वर्षाचा बराच काळ ते फळांवर आणि माडांवर जगत असते, आणि त्या रात्री फणसावरून उतरताना त्याला कौलांतली वाट सापडली होती.

खुनशीपणाविषयी मात्र मी त्या गृहस्थांना जे सांगितले ते मला आजही महत्त्वाचे वाटते. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली या प्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोकळ्या रानात एक पक्षी पकडला की बाकीचे उडून जातात आणि शिकार तेथेच संपते. शिकाऱ्याच्या उपजत बुद्धीला थांबण्याची आज्ञा त्या उडून जाण्यानेच मिळत असते. बंद खुराड्यात कोणीही उडून जात नाही. पंख फडफडत राहतात, आणि फडफड आहे तोवर त्या प्राण्याचे दात आवरत नाहीत. ती क्रूरता त्याच्या मनात नसते, ती त्या बंद खोलीत असते. आणि ती खोली बांधणारे आपण असतो. घरमालक बराच वेळ कौलांकडे पाहत राहिले. मग त्यांनी कोयता आणून फणसाची ती फांदी तोडली, कौलांखाली बारीक भोकांची वेल्डमेश जाळी ठोकली, आणि पुढील वर्षांत त्या खुराड्यात एकही कोंबडी मेली नाही. उदमांजर त्या फणसावर येत राहिले. त्याला कोणी हात लावला नाही.

सर्वांत अवघड ठरली ती दोन भावांमधील फिर्याद. गडग्याच्या हद्दीवरून त्यांच्यात वर्षानुवर्षे अबोला होता. थोरल्याची पाच कोंबडी अंगणात मरून पडली, आणि धाकट्याने मुद्दाम कुत्रे सोडले असा आरोप झाला. मी पाहिले तो कोंबडी न खाता इतस्ततः टाकलेली, पाठीची व शेपटीची पिसे लाळेने भिजलेली, जखमा एका ठिकाणी नसून अंगभर. काम कुत्र्याचेच होते, यात शंका नव्हती. पण राखेतली पावले गडग्याकडे न जाता थोरल्याच्याच गोठ्याकडे वळली होती, आणि गोठ्यात निजलेल्या त्यांच्या पाळीव कुत्र्याच्या मिशांना पिसांचा कापूस चिकटला होता. चार माणसांसमोर हे बोलणे मला प्रशस्त वाटले नाही. मी थोरल्यांना गोठ्यात घेऊन गेलो आणि काही न बोलता कुत्र्याकडे बोट दाखविले. ते क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याच दारचा आहे, मीच बांधून घालीन." मग ते अंगणात आले आणि गडग्यापलीकडे उभ्या असलेल्या भावाला त्यांनी स्वतः होऊन हाक मारली. कित्येक वर्षांनी मारलेली ती पहिली हाक होती, असे मला मागाहून कळले.

अशा प्रकारे शेकडो खुराडी पाहिल्यावर मी ज्या निष्कर्षास आलो तो थोडक्यात सांगतो. गुन्हेगार नेमका ओळखला की त्याला शिक्षा करण्याचे प्रयोजन उरत नाही. उरते ते आपल्या खुराड्याच्या दुरुस्तीचे. प्रत्येक प्राण्याची वाट निराळी असते, आणि जो ती वाट ओळखतो त्याला फक्त तेवढीच बंद करावी लागते. कोल्हा उकरून येतो, म्हणून खुराड्याच्या पायाशी चिरे किंवा जाळी वीतभर जमिनीत पुरावी. उदमांजर वरून येते, म्हणून छप्पर बंद करावे. घूस आणि साप फटीतून येतात, म्हणून बोट शिरेल एवढी फट ठेवू नये. घारीसाठी पिल्लांच्या चरण्याच्या जागी झुडपांची दाटी राखावी. बाजारात मिळणारी पातळ कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, परंतु दातवाल्या प्राण्यास बाहेर ठेवीत नाही, हे पैसे खर्चण्यापूर्वी समजून घ्यावे. आणि अंडी नाहीशी होत असतील तर प्रथम घरट्यातले गवत पाहावे. ते बलकाने चिकट झाले असेल तर बहुधा अंडी खाणारी कोंबडीच असते, चुन्याच्या उणिवेने तिला ती खोड लागलेली असते, आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुरा आठ-पंधरा दिवस घातला की ती पुष्कळदा सुटते. ज्याने कोल्ह्यासाठी विष ठेवले त्याच्या हातून गावचे कुत्रे मेले, आणि ज्याने सर्वांसाठी सापळा लावला त्याच्या सापळ्यात कोण पडले हे मी वर सांगितलेच आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी लसीच्या फेरीत मी पुन्हा काकींच्या दारी गेलो. त्या पुष्कळ थकल्या होत्या, पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोंबडीच्या पाठीमागे आठ पिल्ले होती. आदल्या दिवशी दहा होती, असे त्यांच्या नातवाने मला सांगितले. तेवढ्यात गडग्यावर मुंगूस दिसले. पोराने दगड उचलला, आणि काकींनी बसल्या जागेवरून त्याचे मनगट धरले. "थांब," त्या म्हणाल्या, "पिल्लं रात्री गेली की दिवसा, ते सांग आधी."

दिवसा, दोन प्रहरी, असे पोराने सांगितले. मी डालग्याखाली पाहिले, घिरटीमागे पाहिले. बीळ कोठेही नव्हते. गडग्याच्या पायथ्याशी एका पिल्लाचा पंख पडला होता, देठ चावलेले, आणि शेजारच्या ओल्या मातीत पाच बोटांचे लहान पाऊल. या वेळी ते मुंगूसच होते. गुन्हा शाबीत होता, आणि मी तसे स्पष्ट सांगितले. काकींनी गडग्याकडे पाहिले. मुंगूस अजून तेथेच, पुढचे पाय उचलून उभे होते.

"मग दुपारचं झाकून ठेवू," त्या म्हणाल्या, "पंख फुटेस्तोवर." नातवाने हातातला दगड खाली टाकला, डालगे आणले, आणि आम्ही तिघांनी मिळून ती आठ पिल्ले त्याखाली घातली.